पांढऱ्या ओठाची सख्खी भावंडं

११ ऑगस्ट

चिंगे,

तुझी खोकी पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती, नुसता छापील सूचनांचा कागद होता. म्हणजे तू अजून रागावलेलीच आहेस. राहा. मी मात्र लिहिणार. फोन केला की तू "माऊ, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं सांगता येत नाही.

खोकी उघडताना जंगल विभागाचे साहेब हजर होते. "पाहुणे आले, मॅडम," म्हणत वाकले आणि लगेच नाकाला रुमाल लावला. वास कसा सांगू? ओल्या पायमोज्यात कुणी उकडलेलं अंडं विसरलं असावं तसा. "प्रवासाचा असेल," साहेब म्हणाले. म्हटलं, असेल. मी गोगलगाईंमध्येच म्हातारी झाले. सेवानिवृत्त झाल्यावरही संग्रहालयानं शंखांच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. पण असा वास मला पाला खाणाऱ्या गोगलगाईचा कधी आलेला नाही.

तुझ्या या तपकिरी गोगलगाई, तपकिऱ्या, दिसायला देखण्या आहेत, हे कबूल करते. लांबट, चकचकीत, सुताच्या चातीसारखा शंख. आपल्या पांढऱ्या ओठाच्या म्हणजे अगदी दुसरं टोक: ठेंगण्या, गोल, शंखाच्या तोंडाला ती पांढरी जाड कड. दोघींना शेजारी ठेवलं तर कुणी मावसबहिणीसुद्धा म्हणणार नाही. तू सख्ख्या ठरवल्यास. जनुकांवरून झाड मांडलंस आणि दोघी एकाच फांदीवर, अगदी खेटून बसल्या. पेपर छापून आला, कौतुक झालं, तुला संस्थेत तो मोठा विभाग मिळाला. आता पाण्याच्या टाकीमागच्या घळीत, जिथं जगातल्या शेवटच्या पांढऱ्या ओठाच्या उरल्या आहेत, तिथं या वाढवलेल्या भावंडांना सोडायचं ठरलंय. राखीव जागा तेवढीच आहे, म्हणून. साहेब त्याला "भरतभेट" म्हणतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसतात.

गेल्या वर्षी त्या सभेत मी एवढंच विचारलं होतं, की तपकिरीचे दात पाहिलेस का. तू म्हणालीस, "माऊ, दात बघून सोयरीक जुळवायचे दिवस गेले. आता रक्त बघतात." सगळे हसले, मीही हसले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "रक्त कुणाचं ते तरी बघावं." त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

खाण्याचं लिहायचं राहिलं. तुझ्या कागदावर कोबी, काकडी आणि कुजका पाला असं छापलंय. तिन्ही ठेवलं. अजून कुणी तोंड लावलेलं नाही.

माऊ

१९ ऑगस्ट

चिंगे,

आज मी शाळेतली शिकवण मोडली. कॉन्व्हेंटच्या मदर आम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगायच्या, किळस ही मनातल्या मनात करायची गोष्ट आहे, तोंडावर आणायची नाही. भातात अळी निघाली तरी ताटाच्या कडेला ठेवून पुढे जेवायचं. तेवढ्या वर्षांच्या सवयीनं मी सडलेले शिंपले, फुटलेल्या बरण्या, काय काय निस्तरलं. चेहरा हलू दिला नाही. आज सकाळी मात्र मोरीवर जाऊन ओकले.

झालं असं. कोबीच्या पानाआड बागेतली एक साधी गोगलगाय आली होती, माझ्या लक्षात आली नाही. पेटीत पान ठेवलं, ती बाहेर आली आणि काचेवरून चालू लागली. मागे नेहमीसारखी चिकट रेघ. तुझी एक तपकिरी त्या रेघेवर चढली. हिला तोंडाजवळ दोन लांब ओठ आहेत, मिशीसारखे, ते रेघेवर आपटत आपटत ती निघाली. गोगलगाईनं गोगलगाईचा पाठलाग केलेला तू पाहिलायस? हसू येतं आधी. इतक्या सावकाश की मी मध्ये उठून चहा टाकून आले. परत आले तर ती पोचली होती. मागून वर चढली, शंखाच्या तोंडात मान घातली, आणि आत आत शिरत गेली. आवाज येतो, चिंगे. अगदी बारीक, ओलं कापड दगडावर घासावं तसा. बाहेर आली तेव्हा शंख आतून पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता.

गोगलगाय आणि पोटात पाय, असं आपण म्हणतो. ही तर पोटात अख्खी शेजारीण घेऊन फिरते.

मी मग खोक्याच्या तळाची माती चाळली. बारीक शंखांचे तुकडे निघाले, बागेतल्या गोगलगाईंचे. तुझ्याकडूनच आलेली माती.

मला तुला काही विचारायचंय, पण आधी हात धुऊन येते. तिसऱ्यांदा.

तू पाच-सहा वर्षांची असताना माझ्या कोपरावर गोगलगाय ठेवायचीस आणि ती मनगटाशी येईपर्यंत मला हलू द्यायची नाहीस. प्रत्येक नव्या शंखाला तुझा एकच प्रश्न: "माऊ, ही हिची कोण लागते?" मी सांगायचे, ही आत्या, ही चुलती, ही शेजारची, नात्यातली नव्हे. तुझी आई नुकती गेली होती. लोक यायचे आणि तुझ्यादेखत म्हणायचे, माय मरो, मावशी जगो. मला त्या म्हणीची शिसारी यायची. मावशीनं जगावं म्हणून कुणी मरायला कशाला हवं? पण तू त्या प्रश्नातच रमलीस, आणि मला वाटायचं, बरं झालं, पोरीला जगात सगळे कुणी ना कुणी लागतात.

पत्र पोचलं की फोन कर. सोडण्याचा कार्यक्रम बारा सप्टेंबरला आहे.

माऊ

२ सप्टेंबर

चिंगे,

काल तू फोन उचललास याचे आभार. सगळं बोलणं लिहून काढते आहे, कारण मी चुकीचं ऐकलं असेल अशी मला अजून आशा आहे.

मी म्हटलं, तपकिरीच्या पायाचा छोटा तुकडा कापून विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत दिला होता, त्याचा निकाल आला. ती मांसखाऊ गोगलगाईंच्या घराण्यात बसते. पांढऱ्या ओठाचं घराणं झाडाच्या पार दुसऱ्या अंगाला.

तू म्हणालीस, "त्यांच्याकडे घोटाळा झाला असेल. माझ्या झाडाला आधार शंभर टक्के आहे, माऊ. शंभर वेळा मांडलं, शंभरही वेळा दोघी एकत्र."

"मांडशील हजार वेळा. पीठ शंभरदा चाळलं म्हणून चाळणीच्या भोकाएवढा बारीक खडा निघतो का? तुझा पहिला नमुना कसला होता?"

"पिल्लू होतं."

"केवढं?"

"चवळीएवढं."

"म्हणजे पाय कापायला जागा नव्हती. अख्खंच कुटलंस."

तू मग म्हणालीस, "सगळेच करतात लहान जिवाच्या बाबतीत."

करतात, हे खरं. मीही केलंय. पण पाला खाणारीच्या पोटात पाला असतो, आणि हिच्या पोटात दुसरी गोगलगाय होती. शिवाय जनुक पकडायला तू वापरलेली रसायनं पांढऱ्या ओठाच्या घराण्यावरून बेतलेली. ती ओळखीच्या घराचीच कडी वाजवणार. तपकिरीचं स्वतःचं जनुक तिथंच होतं, त्याला कुणी विचारलंच नाही. तिनं आदल्या दिवशी जी खाल्ली तिचं नाव तुझ्या झाडावर चढलं, आणि खाणारी तिची सख्खी बहीण ठरली.

हे मी बोलत होते तेव्हा तू मध्ये एकदाही "काय?" असं म्हणाली नाहीस. चिंगे, मी तुला वाढवलंय. तुला नवी गोष्ट कळली की तू आधी "काय?" म्हणतेस, मग भांडतेस. काल थेट भांडलीस.

म्हणून मी विचारलं, "या तपकिऱ्या तू दोन वर्षं वाढवल्यास, त्यांना पिल्लं झाली. कशावर? कोबीवर?"

तू म्हणालीस, "खाण्याचं माझ्याकडची माणसं बघतात."

"तू बघत नाहीस?"

"माऊ, पेपर मागे घेतला तर नवा विभाग बंद पडेल. माझ्याखाली माणसं आहेत. त्या घळीत थोड्याशा सोडतील, फोटो काढतील, हिवाळ्यात बहुतेक मरतील. कुणाला कळणार नाही. तू का जीव टाकतेस?"

हे वाक्य मी बरोबर ऐकलं ना? मला खोलीतला तो वास एकदम घशाशी आला. तपकिरीची किळस आली होती ती पोटातली. ही वेगळी होती. ही तुझ्या आवाजातल्या त्या समजूतदारपणाची होती. आजाऱ्याला सांगतात तशा सुरात तू मला सांगत होतीस की शेवटच्या पांढऱ्या ओठाच्या गेल्या तरी चालेल.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही, की आली, आणि तीही तू गिळलीस? त्या पिल्लाच्या पोटातलं जनुक आपल्या घळीतल्या पांढऱ्या ओठाशी तंतोतंत जुळत नाही. थोडा फरक आहे, तूच पेपरात लिहिलायस. फरक आहे म्हणूनच तू तिला वेगळी बहीण म्हटलंस. म्हणजे खिंडीपलीकडे, जिथून ते पिल्लू आणलं, तिथं पांढऱ्या ओठाची खरोखरच एक सख्खी बहीण होती. जिवंत होती, तपकिरीनं खाईपर्यंत. तुझं झाड खोटं नाही गं. त्या फांदीवर बसवायला तू चुकीची आणलीस, एवढंच. खरी शोधायला हवी होती.

मी साहेबांना सांगणार आहे. त्याआधी तू सांगितलंस तर मला आवडेल.

माऊ

९ सप्टेंबर

चिंगे,

तू सांगितलं नाहीस, म्हणून मी गेले.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, बागेतली खाल्ली असेल. उपाशी माणूस काय वाटेल ते खातो. म्हणून स्वतःच्या भावंडाला खाईल का? वाघसुद्धा नाही खात."

"ती भावंडं नाहीतच, साहेब."

"तुमच्या भाचीनंच लिहून दिलंय, आहेत म्हणून."

"तिचं चुकलंय."

"मग तसंही तिनंच लिहून द्यावं. मी कार्यक्रम थांबवतो, लगेच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी-भाचीचं काही असेल तर घरात मिटवा ना. आमच्या दारात कशाला?"

विद्यापीठाचा निकाल मी टेबलावर ठेवला. त्यांनी तो सरळ केला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

घळीतली एक पांढऱ्या ओठाची त्या दिवशी पेटीतून आणणार आहेत. दोघींना एका पानावर ठेवून फोटो काढायचा, असं साहेबांनी ठरवलंय. मी म्हटलं, तसं करू नका. म्हणाले, तुम्हीच पान धरा, तुमचा हात सवयीचा.

कोबी काढून टाकला आहे. तपकिऱ्यांना आता मी काहीच घालत नाही, बागेतल्या गोगलगाईही नाहीत.

एक वाक्य लिही, चिंगे. "नमुना दूषित होता." तुझा मान जाणार नाही असं मी खोटं सांगत नाही, जाईल थोडा. पण तू पहिली इयत्ता दोनदा काढलीस, तेव्हाही जग बुडालं नव्हतं. निकालाच्या दिवशी आपण दोघींनी पायरीवर बसून पाव खाल्ला होता. तू म्हणाली होतीस, "माऊ, आता मला सगळं आधीच येतं."

तीन दिवस आहेत.

माऊ

१४ सप्टेंबर

चिंगे,

तुझा निरोप मिळाला. "कॅमेरे चालू होते का?"

हो, चालू होते.

तू आली नाहीस, म्हणून तुला सगळं सांगते. टाकीमागच्या सपाटीवर मांडव होता, खुर्च्या होत्या, मोठा पडदा होता. तुझं आधीच टिपून ठेवलेलं भाषण त्यावर लावलं. छान दिसत होतीस. केस कापलेस ते शोभतात. टेबलावर ओलं पान ठेवलं. जंगल विभागाच्या माणसानं पांढऱ्या ओठाची आणली. तुला आठवतात त्यांच्यापेक्षा लहान होती. आता मोठ्या होईपर्यंत जगत नसाव्यात. मी तपकिरी ठेवली. कॅमेरे जवळ आले.

सकाळी मी साहेबांना पुन्हा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मॅडम, शुभ बोला."

पांढऱ्या ओठाची चालू लागली. तपकिरीनं मिशा रेघेवर ठेवल्या. "बघा, ओळख पटली," साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पडद्यावर तू म्हणत होतीस की दुरावलेली रक्ताची नाती जोडायला विज्ञानाला उशीर झाला, पण अखेर घरातली माणसं घरी येताहेत. तेवढ्यात तपकिरी वर चढली. पुढच्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "मिठी मारतेय का?" मग तिनं मान आत घातली.

तुझाच आवाज तेवढा चालू होता, आणि तुझं वाक्य संपलं की मधल्या शांततेत तो दुसरा, घासल्याचा. कॅमेऱ्यावरच्या माणसाला आधी कळलं. त्यानं भिंगापासून डोळा बाजूला घेतला, पण यंत्र चालू ठेवलं. साहेब म्हणाले, "सोडवा ना कुणीतरी," आणि स्वतः मागे सरकले. माझा हात पानापासून वीतभर होता. मी उचलू शकले असते. मी थांबवलं नाही. तपकिरी उपाशी होती तीही माझ्यामुळे. बरेच दिवस मी ती सगळीच पेटी उपाशी ठेवली होती, नेमकी त्या सकाळसाठी. घळीत ज्या थोड्या उरल्या आहेत त्यांतली एक मी खाऊ दिली, बाकीच्या राहाव्यात म्हणून. हिशेब बरोबर असेल. पण त्या दिवसापासून साबण संपतो आहे आणि बोटांचा चिकटपणा जात नाही.

कार्यक्रम रद्द झाला. साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या कागद मागवून सही केली. घळीत तपकिरी सोडायची नाही, आता नाही आणि पुढेही नाही. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही सांगत होता, मॅडम." त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. मला त्यांची दया आली. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढीच त्यांची चूक.

आणि तुझा निरोप आला तो कॅमेऱ्यांचा. कोणती गेली, किती उरल्या, मी कशी आहे, काही नाही. मी तो निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला, झुरळावर वाटी पालथी घालतात तसा.

उरलेल्या तपकिऱ्या मी स्पिरिटात घातल्या. त्यांच्यावर राग नाही. त्यांनी आपण काय खातो ते कधी लपवलं नाही. नावाच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या: खरं घराणं, खरं गाव, आणि वाढवणारीचं नाव, तुझं. तेही खरंच आहे.

माऊ

६ ऑक्टोबर

चिंगे,

तू पेपर मागे घेतलास की नाही, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते तुझं तू बघ. पेपर छापणाऱ्यांना मी तुझ्या वतीनं एक अक्षर लिहिणार नाही, हे मात्र ठरवलंय.

मी खिंडीपलीकडे जाऊन आले. गुडघे कुरकुरले, पण गेले. तुझ्या नोंदीतला ओढा सापडला. दगडांच्या पोटाशी पाला उकरला, तर शंखच शंख, ओंजळीनं उचलावेत असे. सगळे रिकामे, आतून पुसलेले. पावलागणिक पायाखाली फुटत होते. मधूनमधून एखादी तपकिरी, धष्टपुष्ट, तिथल्या मालकिणीसारखी. एका दगडावर बसून राहिले, तोंडावर पदर धरून.

मग मी शंख निवडायला घेतले. तुझ्या झाडावर जी आहे ती हीच, चिंगे. आपल्या घळीतल्यांसारखीच ठेंगणी, गोल, अगदी बहीण शोभेल अशी. फक्त हिचा ओठ पांढरा नाही. फिकट गुलाबी आहे, लहान मुलाच्या नखाखाली असतो तेवढाच. आजवर ती कुणी पाहिली नव्हती. तू तिला तिच्या खाणारीच्या पोटातून ओळखलंस, आणि चेहरा न बघताच तिचं नातं अगदी बरोबर सांगितलंस. एवढी हुशार पोर.

जिवंत एकही मिळाली नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून दोन वळणं राहिली आहेत, तिथं तपकिऱ्या कमी दिसल्या. सोमवारी पुन्हा जाते. चांगले शंख कापसात गुंडाळून ठेवले आहेत, पण पोस्टानं पाठवणार नाही. बघायचे असतील तर इथं यावं लागेल.

माऊ